अदब, धोपाव्याच्या धक्क्यावर

जुवेरिया सारंग, आठवी ब, खिडकीकडचं बाक.
शब्दार्थ लिहून घ्या म्हटलं की हिचा हात वर.
'सर, अज्ञान म्हणजे ज्ञान नसणं,
अशक्त म्हणजे शक्ती नसणं,
मग अदब म्हणजे
न दबणं ना?'

वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा.
फळ्यावर लिहिलं : अदब, स्त्रीलिंगी. आदर, विनय, मर्यादा.
शब्द अरबी. दरबारातून आला असेल,
नाहीतर याच खाडीतून,
खजुराच्या पेटाऱ्याला टेकून.
तो 'अ' नकाराचा नव्हे.
आणि बाई, हाताची घडी घाल.

एकतीस वर्षं हा शब्द मी
छडीशेजारी कोपऱ्यात उभा केलेला.
अदबीने बोल, म्हणजे बोलू नकोस.
अदबीने उभा राहा, म्हणजे आहेस त्याहून थोडा कमी हो.
पोरं व्हायची कमी.
काही तर इतकी, की पुढे बाजारात दिसली
तरी मला ओळखू यायची नाहीत.

शनिवारी वाचनालयात गेलो.
जाड कोशाला वाळवीने 'ह'कडून सुरुवात केलेली,
'अ'पर्यंत पोचायची होती.
तिथे बारीक टायपात :
मूळ धातूचा अर्थ, जेवायला बोलावणे.
त्यावरूनच मादुबा, म्हणजे पंगत.
खाली आणखी बारीक, कुणा दुसऱ्या पंडिताचं मत :
मूळ शब्द दाब, म्हणजे वहिवाट,
येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मळलेली.
दाब वाचून मी दचकलो.
पण तो दाब आपला नव्हे.

सोमवारी संध्याकाळची फेरीबोट.
बशीर सारंग, जुवेरियाचा बाप, माझाच जुना विद्यार्थी,
छडी खाल्लेला, किती ते आठवत नाही. मला.
या बोटीवर लागल्यापासून
मी फळीवर पाय ठेवला की हा उठून उभा राहतो.
कुणाला सांगितलं नाही कधी,
पण मी ते उठणं रोज मोजून घ्यायचो,
पेन्शनीसारखं.
त्या दिवशी बोलून दाखवलं. म्हटलं, बशीर, अदब शिकावी तुझ्याकडून.
तो हसला, तंबाखूचे दात दाखवत.
'नाय सर. तुम्ही रोज शेवटचे येता.
तुम्ही चढलात की दोर सोडायचा असतो.'

आणि मग नेमकी सुकती लागली,
पुढचा दरवाजा गाळात रुतला, पाऊण तास बोट जाग्यावर.
मोटारसायकलवाले शिव्या देत चहाला गेले.
बशीरने उलट्या बादलीवर डबा उघडला.
'या सर, जेवाला या.'
एवढंच. कोशातल्यासारखं.

तांदळाच्या दोन भाकऱ्या, लसणीची चटणी,
खालच्या कप्प्यात बांगड्याचं तिखलं, वास आला होता.
त्याने विचारलं नाही, सर, तुम्हाला चालतं का,
विचारलं नाही, आज वार कोणता.
खालचा कप्पा त्याने लावलाच नाही तसा,
हळूच पायाकडे सरकवून दिला.
चटणी मधोमध ठेवली.
भाकरी मोडली, मोठा तुकडा माझ्याकडे.
स्वतःही चटणीशीच खाल्ली,
सावकाश, जणू डब्यात दुसरं काही नव्हतंच.
मध्येच म्हणाला, पोरगी फार विचारते ना?
मी म्हटलं, विचारू दे.

धोपाव्याला उतरलो. चढावर दम लागला म्हणून थांबलो,
मागे वळून पाहिलं.
बोट रिकामी. बशीर धक्क्याकडे पाठ करून
एकटाच बांगडा खात बसलेला.

मंगळवारी वर्गात जुवेरियाची वही मागून घेतली.
न दबणं, पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह.
म्हटलं, उत्तर चूक आहे.
पण खोडू नकोस.